कपडेच सांगतील

निळ्या ड्रेसची चेन कमरेपाशी येऊन अडली, ती अडलीच. मास्तरांच्या बायकोने श्वास आत घेतला, पोट आत घेतले, शेवटी डोळेसुद्धा घट्ट मिटून घेतले. पण चेन बोटभरही वर सरकायला तयार नव्हती. मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि रडू लागली. आदळआपट करून रडली असती तर मास्तरांनी खाली मान घालून ऐकून घेतले असते. पण ती नुसतीच मुसमुसत होती आणि ते त्यांना सोसवत नव्हते.

"दोन महिने झाले," ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले तस्संच सगळं करतेय. हेही नाही जमलं मला."

मास्तर गळ्यात टेप अडकवून दारात उभे होते. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचे शिवणकामाचे दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. माणूस मुळातच खिन्न. त्यांचा चेहरा असा होता, की लग्नाचा कोट न्यायला आलेला नवरदेवसुद्धा दबक्या आवाजात विचारी, "मास्तर, घरी सगळं ठीक आहे ना?" आनंदाची बातमी आली तरी ते आधी ती उलटसुलट करून तिला कुठे भोक पडले आहे का ते बघत, आणि बहुतेक वेळा त्यांना ते सापडे. अशा माणसाच्या घरात हसण्याचे काम बायकोकडे होते. आता तीच रडायला लागली म्हटल्यावर घरात त्या खात्यावर कुणीच उरले नाही.

वजन उतरवण्यासाठी तिने गेल्या दहा वर्षांत काय केले नव्हते? एक महिना उकडलेला कोबी, एक महिना नुसती फळे, आणि एकदा तर कोमट पाणी आणि देवाचे नाव. पाच किलो उतरत आणि सात चढत. तेवढ्यात उजव्या गुडघ्याने असहकार पुकारला. डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी तिच्या सगळ्या उपासतापासांची यादी शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"डाएट बंद," ते म्हणाले. "उपाशी राहून घालवलेलं वजन पाहुण्यासारखं असतं. जातं ते परत यायलाच, आणि येताना आणखी दोघांना घेऊन येतं. भूक लागली की जेवा. ताटापुढे बसून, सावकाश चावून जेवा. पोट भरलं की थांबा. वेळेवर झोपा. संध्याकाळी पाऊण तास चाला, दुखेल तेव्हा थांबत थांबत. बस्स. आणि रोज काट्यावर उभ्या राहू नका, काटा माणसाला वेडं करतो. अंगावरचे कपडे सैल होतात की घट्ट, तेवढं बघा. कपडेच सांगतील."

बिचाऱ्या डॉक्टरांना काय माहीत, की ह्या घरातले कपडे शिंपी पढवील तेच बोलतात!

"आता वजन एकदाच करायचं, सहा महिन्यांनी, हॉस्पिटलात," डॉक्टर पुढे म्हणाले होते. "आज ब्याण्णव आहे. पंच्याऐंशीच्या आत आलात तर गुडघ्याचं ऑपरेशन लगेच करून टाकू. नाही आलात तर..." आणि ते भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्याकडे बघू लागले. त्या 'तर'च्या पुढे आधी काठी होती आणि नंतर चाकांची खुर्ची, हे मास्तरांना न सांगता कळले. येताना सबंध वाटभर त्यांना ती खुर्ची दिसत होती.

तर त्या संध्याकाळी बायकोने डोळे पुसले, ड्रेस पलंगावर टाकला, चालायचे बूट घातले आणि ती बाहेर पडली. रडली, पण नेम मोडला नाही. मास्तर काही क्षण त्या निळ्या ड्रेसकडे बघत राहिले. मग त्यांनी तो उचलला आणि मशीनवर नेला. पुढेमागे अंग भरेल म्हणून शिवणीच्या आत जे जादा कापड दाबून ठेवतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. मास्तरांनी दोन्ही बाजूंची शिवण उसवली, अर्धा अर्धा इंच माया सोडली, नवी शिवण मारली आणि सुयांची जुनी भोके बुजावीत म्हणून ओले फडके ठेवून इस्त्री फिरवली. पाऊण तासात काम फत्ते झाले.

बायको परतली तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "एकदा पुन्हा घालून बघ."

"कशाला? पुन्हा रडायला?"

"बघ तर."

आतून चेन सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती बाहेर आली. "अहो! बसला की!"

"चालून आलीस ना," मास्तर म्हणाले.

"एका फेरीत?"

"आज ऊनही होतं."

थाप म्हणावी इतकीही ती धड शिवलेली नव्हती, पण खपली. बायको आरशापुढे एकदा इकडून, एकदा तिकडून वळली आणि हसली. मास्तरांच्या छातीत काहीतरी अनोळखी हलले. तो आनंद होता, हे लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि लक्षात येताच ते नेहमीप्रमाणे त्यात भोक शोधू लागले.

भोक दोनच दिवसांत सापडले. बायको तपकिरी स्कर्ट हातात घेऊन दुकानात आली. "गंमत बघा. निळा ड्रेस सैल आणि हा स्कर्ट घट्ट. कंबर तर एकच आहे ना माझी?"

"ठेव इथे. हुक गंजलाय."

एका कपड्याला खोटे बोलायला शिकवले, की कपाटातल्या सगळ्यांना शिकवावे लागते. नाही तर ते एकमेकांची चहाडी करतात. मास्तरांनी बायकोच्या सगळ्या कपड्यांची यादी काढली आणि ती दुकानातल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवली. ती चालायला गेली, की एक कपडा मशीनवर येई. ती परत येईपर्यंत तो पुन्हा खुंटीवर जाई. सगळ्यांची एक फेरी पुरी होते न होते तोच निळा ड्रेस पुन्हा कुरकुरू लागला. म्हणजे अंग थांबलेले नव्हते, वाढतच होते. प्रत्येक अर्ध्या इंचाबरोबर ऑपरेशन लांब चालले आहे आणि ते आपणच लांबवत आहोत, हे मास्तरांना कळत होते. पण समोर ती आरशापुढे हसत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तिसऱ्या महिन्यात माया संपली. शिवणीच्या आत दाबायला दोऱ्याएवढेही कापड उरले नाही. मग मास्तरांनी बाजूला कळ्या घालायला सुरुवात केली, म्हणजे काखेपासून कमरेपर्यंत कापडाची एक उभी पट्टी. पट्टी त्याच रंगाची हवी, म्हणून ती त्याच ड्रेसच्या खालच्या काठातून कापून घ्यायची. परिणाम असा झाला, की कपडे रुंद होत गेले आणि आखूड होत गेले.

"अहो," बायको एके सकाळी आपल्या पायांकडे बघत म्हणाली, "मी उंच झाले का हो?"

"चालण्यानं पाठीचा कणा ताठ होतो," मास्तर म्हणाले. आताशा त्यांना थापा चांगल्या जमू लागल्या होत्या, आणि त्याचेही त्यांना वाईट वाटत होते.

ही गोष्ट घरातच राहिली असती तर एक वेळ निभावले असते. पण आनंद झालेली बाई आणि उतू जाणारे दूध, दोन्ही भांड्यात राहत नाहीत. समोरच्या बाजूला चार दुकाने सोडून बेकरी होती. तिथली बेकरीवाली म्हणजे अंगाने ऐसपैस आणि आवाजाने त्याहून ऐसपैस. तिने एकदा हटकले, "मास्तरीणबाई, चेहऱ्यावर तजेला आलाय. करता काय?" आणि हिने सगळे सांगून टाकले. डाएट नाही, उपास नाही, काटा नाही. सावकाश खायचे, चालायचे आणि कपडे काय म्हणतात ते ऐकायचे. आठवडाभरात बेकरीवाली हिच्याबरोबर संध्याकाळी निघू लागली. मग पोस्टातली बाई आली. मग आणखी तिघी. रोज संध्याकाळी बूट घातलेल्या सहा बायका दुकानावरून घोळक्याने पुढे जात, आणि मशीनवर वाकलेले मास्तर चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत. सगळ्याच्या सगळ्या त्यांची गिऱ्हाइके होती.

महिन्याभरात बेकरीवाली दुकानात येऊन धडकली. अंगातला कोट तिने काढून टेबलावर आपटला.

"मास्तर, खरं सांगा. तुमची बायको गुपचूप काही औषध घेते का?"

"नाही हो."

"मग हे काय? तिचे कपडे सैल आणि माझा कोट घट्ट? ती करते तेच मी करते. उलट मी जास्त सावकाश खाते! ते काही नाही. उद्या बेकरीतल्या पिठाच्या काट्यावर दोघींना उभं करते. आधी ती, मग मी. होऊन जाऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष."

पिठाचा काटा म्हटल्यावर मास्तरांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. "कोट ठेवून जा," ते घाईघाईने म्हणाले. "बटण सैल झालंय."

"कुठलं बटण?"

"सगळीच."

दुसऱ्या दिवशी बेकरीवालीने कोट अंगात घातला, दोन्ही हात पुढे केले, मागे केले, आणि तिच्या आवाजाने खिडकीची काच हादरली. "अगं बाई! एका रात्रीत?" पिठाच्या काट्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पण आता कोट सैल आणि बाकीच्या चौघींचे कपडे घट्ट, हे कसे चालणार? त्यांनीही कुठून तरी काटा शोधून काढला असता! मास्तर आगीतून निघाले ते फुफाट्यात पडले. एकेकीला बोलावून कुणाचे अस्तर फाटले आहे, कुणाची चेन अडकते आहे असे सांगत त्यांनी सगळ्यांचे कपडे ठेवून घेतले. पोस्टातल्या बाईच्या गणवेशाने तर त्यांचा घाम काढला. सरकारी कापड, त्यात माया नावालाही नाही. शेवटी त्यांनी आतला खिसा कापून त्याची कळी केली.

"मास्तर," ती आठवड्याने विचारायला आली, "ह्याला आत एक खिसा होता ना?"

"बारीक झालात तुम्ही. आता त्याला जागा राहिली नाही."

ती इतकी खूश झाली, की खिशाचे दुःख तिथेच विसरली.

अशा रीतीने सबंध गल्ली आरोग्याच्या मार्गाला लागली आणि मास्तरांची झोप उडाली. गल्लीतला घड्याळजी तीन आठवडे आपल्या पॅन्टसाठी खेटे घालत होता. ती कापलेल्या अवस्थेत तशीच पडली होती. डॉक्टरांनी चौथ्या महिन्यात बायकोला तपासले. "कपडे काय म्हणतात?" "सैल होताहेत!" डॉक्टर इतके हरखले, की आणखी दोन पेशंटना त्यांनी तिच्याकडे सल्ल्याला पाठवले. त्या दोघी कपडे कुणाकडे शिवतात, ही पहिली चिंता मास्तरांना पडली.

सांगून टाकावे, असे त्यांनी मनाशी कितीदा ठरवले. एकदा तर जेवताना सुरुवातही केली. बायको घासागणिक चमचा खाली ठेवून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सावकाश चावत होती.

"एक सांगायचं होतं," मास्तर म्हणाले.

"सांगा ना." तिने चमचा खाली ठेवला आणि त्यांच्याकडे टक लावून पाहिले. "तुम्ही हल्ली मधूनमधून हसता. माहितीये?"

"मी?"

"परवा मशीनवर बसून गुणगुणत होतात. मी दारातून ऐकलं."

मास्तरांनी ताटाकडे पाहिले. "मीठ कमी आहे," ते म्हणाले. एवढेच सांगायचे होते, असा चेहरा त्यांनी केला आणि दोनदा मीठ घेऊन ते खारट जेवण संपवले.

सहा महिने सरले. हॉस्पिटलचा दिवस उजाडला. निळा ड्रेस घालून बायको निघाली आणि तिच्यामागे पाचही जणी निघाल्या. कामांना सुट्ट्या टाकून आल्या होत्या. विजयाच्या मिरवणुकीला जावे तशा त्या हॉस्पिटलच्या पायऱ्या चढल्या. मास्तर सर्वांत मागे, आपल्याच अंत्ययात्रेला निघाल्यासारखे.

काटा कोपऱ्यात होता. साधा, पांढरा, वर आकडे दाखवणारी काच असलेला. "चपला काढा," नर्स म्हणाली.

"काढल्यात."

नर्सने वाकून पाहिले, पुसून पाहिले आणि लिहिले. "नव्याण्णव."

बेकरीवालीने सगळ्यांच्या वतीने निकाल दिला. "काटा बिघडलाय!"

"कालच तपासलाय," नर्स म्हणाली.

"मग आज बिघडलाय. थांबा, मी सिद्ध करते." पण ती स्वतः चढली नाही, तिने पोस्टातल्या बाईला पुढे ढकलले. पोस्टातल्या बाईचे वजन एकाहत्तर होते, हे तिला तोंडपाठ होते. काट्याने सत्त्याहत्तर दाखवले. मग तिसरी चढली. मग चौथी. बिघडलेला काटा सगळ्यांच्या बाबतीत एकाच दिशेने बिघडलेला निघाला. आवाज ऐकून डॉक्टर आले. त्यांनी कागद पाहिला, काटा पाहिला आणि ते मटकन स्टुलावर बसले.

"पण तुमचे कपडे तर सैल होत होते!"

"होताहेतच की!" बेकरीवालीने हात वर करून कोटाची बाजू ताणून दाखवली. "हे बघा. केवढा सैल. आणि किती सावकाश खायचो आम्ही! एक गोड पाव पाऊण तास पुरवायचो!"

"कुठला गोड पाव?" डॉक्टरांनी विचारले.

बेकरीवालीचा हात तसाच वर राहिला. पण डॉक्टरांचे लक्ष आता पावाकडे नव्हते. ते पुढे वाकून तिच्या काखेखाली बघत होते. "ही पट्टी कसली आहे?"

पाच बायकांनी एकाच वेळी हात वर केले आणि आपापल्या काखेखाली पाहिले. फक्त मास्तरांच्या बायकोने पाहिले नाही. ती वाकून चपला शोधत होती. मग पाच माना सावकाश मास्तरांकडे वळल्या.

"माझं चुकलं," मास्तर म्हणाले.

"म्हणजे माझा खिसा..." पोस्टातली बाई म्हणाली.

"डाव्या बाजूच्या कळीत आहे."

त्यानंतर जे बोलणे झाले ते बेकरीवालीने एकटीने केले. त्यात मास्तरांच्या सात पिढ्यांचा आणि त्या पिढ्यांच्या कात्र्यांचा उद्धार झाला. "माझ्या कोटाला पुन्हा हात लावाल तर याद राखा," असे शेवटचे बजावून ती निघाली आणि तिच्यामागे चौघीही निघाल्या, कोपर अंगाला घट्ट चिकटवून.

डॉक्टरांनी फाईल मिटली. ते रागावले असते तर बरे झाले असते. "आज तरी करता येणार नाही," ते म्हणाले. "ह्या वजनावर गुडघा बसवला तर टिकायचा नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. पण तोवर हाड आणखी झिजलं तर मी काही वचन देऊ शकत नाही." आणि ते दुसऱ्या पेशंटकडे गेले.

व्हरांड्यातल्या बाकावर दोघे शेजारी शेजारी बसले. समोर एक म्हातारा चाकांच्या खुर्चीत बसून लिफ्टची वाट बघत होता. मास्तरांना तिकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना.

"मी उसवत होतो," ते म्हणाले.

"माहितीये."

"आत्ता कळलं ते नाही म्हणत मी. पहिल्यापासून. तो निळा ड्रेस..."

"अहो, माहितीये. पहिल्याच दिवशी कळलं. सव्वीस वर्षं शिंप्याचा संसार केलाय मी. शिवणीच्या आतलं कापड विटलेलं नसतं. दोन्ही बाजूंना ह्या एवढ्या गडद रेघा दिसत होत्या. आंधळीलाही कळलं असतं."

मास्तरांचा जबडा खाली आला. "मग बोलली का नाहीस?"

तिने पदर नसलेल्या ड्रेसचा काठ बोटांनी चुरगळला. "मी रडत होते आणि तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. बोलता येत नाही तुम्हाला. पण मी बाहेर पडले आणि तुम्ही उठून कामाला लागलात. मला वाटलं, एवढं तरी कोण करतं कुणासाठी. आणि मग तुम्ही ते ऊन म्हणालात." ती हसली, पण हसू ओठांवर टिकले नाही. "साखर चोरून खाल्लेल्या पोरासारखं तोंड झालं होतं तुमचं. किती वर्षांनी तुम्हाला खूश बघितलं हो मी. म्हटलं, चालू दे."

"पण तू चालत होतीस. जेवतही होतीस बेतानं, माझ्यासमोर. मग सात किलो वाढले कुठून?"

लिफ्ट आली, म्हाताऱ्याला घेऊन गेली.

"तुम्हाला एक कपडा उसवून शिवायला पाऊण तास लागतो," ती अखेर म्हणाली. "मी आधी परत आले असते तर तुम्ही सापडला असतात. कसं दिसलं असतं ते? म्हणून मी बेकरीत बसायचे."

"पाऊण तास? नुसती?"

"बेकरीत नुसतं कोण बसतं?"

"आणि त्या बाकीच्या?"

"मी बसले म्हणून त्याही बसल्या. चांगल्या आहेत हो बिचाऱ्या."

मास्तरांना त्या क्षणी हसू यायला हवे होते. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर आलेही असते. त्यांना फक्त लाज वाटली. डॉक्टरांची पद्धत चांगली होती. साधी होती, झेपण्यासारखी होती. तिला एकदा नीट वापरून बघावे, एवढेही दोघांकडून झाले नव्हते. ते तिचे मन राखत राहिले आणि ती त्यांचे. गुडघा मात्र कुणीच राखला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको बूट घालायला बसली, तेव्हा मास्तरांनी मशीनवर खोळ घातली आणि दुकानाला कुलूप लावले.

"तुम्ही कुठे निघालात?"

"तुझ्याबरोबर."

"घड्याळजींची पॅन्ट?"

"तो नेसेल काहीतरी."

दोघे निघाले. बेकरीच्या दारात बेकरीवाली उभी होती. मास्तरांना बघताच तिने पाठ फिरवली, मग पुन्हा वळून मास्तरीणबाईंकडे बघून जराशी मान हलवली आणि आत गेली. ताज्या पावाचा वास रस्त्यावर आला होता. बायकोची पावले सवयीने त्या दिशेला वळली, थबकली आणि पुन्हा सरळ झाली.

बेकरीच्या पुढे दिव्याचा खांब होता. तिथवर जाता जाताच ती एका बाजूला कलू लागली. खांब आला तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि ती उभी राहिली. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. घरापासून हे अंतर ते किती! मास्तर इतके दिवस समजत होते, की बायको नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन येते. सव्वीस वर्षे त्यांनी तिची छाती, कंबर, बाही मोजली होती. ती घरात टेबलाला, कपाटाला, इस्त्रीच्या फळीला धरत धरत का चालते, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. बेकरीच्या पुढे तिला जाताच येत नव्हते.

"दुखतंय?" त्यांनी विचारले. सहा महिन्यांत हे त्यांनी पहिल्यांदाच विचारले होते.

ती "नाही" म्हणणार होती. तोंड उघडलेही होते तिने. मग तिने त्यांच्याकडे पाहिले. "खूप," ती म्हणाली.

"परत फिरू?"

तिने पुढच्या खांबाकडे पाहिले. तो बराच लांब होता, की तिला तसा दिसत होता, कोण जाणे. "त्या तिथवर जाऊन बघू," ती म्हणाली. "दमले तर थांबू."

मास्तरांनी आपला खांदा पुढे केला. इतकी वर्षे लोकांच्या खांद्यांची मापे घेतली, स्वतःचा असा कधी कुणाला दिला नव्हता. त्यांना नीट उभेही राहता येईना. तिने खांबावरचा एक हात काढून त्यांच्या खांद्यावर ठेवला, मग दुसरा काढला, आणि पाऊल टाकताना सगळा भार त्यांच्यावर दिला. मास्तर वाकले. गुडघ्यात वाकले, कमरेत वाकले. 'काही जड नाहीस तू,' हे वाक्य सवयीने त्यांच्या ओठांपर्यंत आले. त्यांनी ते गिळले.

"जड आहेस गं," ते म्हणाले.

"मग नीट धरा," ती म्हणाली.